सूज आणि बाळसे : जनावरांचा मेद, चयापचय व स्टेरॉइड संप्रेरके

मूल अंगाने भरलेले दिसू लागले की घरातील जाणती स्त्री त्याचे पाऊल अंगठ्याने हलकेच दाबून पाहते आणि मगच हे बाळसे आहे की सूज आहे, याचा निर्वाळा देते. दिसण्यात दोहोंमध्ये फारसा भेद नसतो. परंतु बाळसे हे पोषणाचे फळ असते, तर सूज हे विकाराचे चिन्ह असते. गोठ्यातील जनावरांच्या बाबतीतही हाच विवेक बाळगणे अगत्याचे आहे. थोड्या दिवसांत जनावर भरदार दिसावे व बाजारात चार पैसे अधिक मिळावेत, या इच्छेपोटी स्टेरॉइड वर्गातील औषधांकडे जर कोणी वळत असेल, तर त्या औषधांमुळे जनावराच्या शरीरात नेमके काय घडते, हे त्याने आधी समजून घेतले पाहिजे. ते शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सीमाभागाचे पशुधन

बिदर व कलबुर्गी हे कर्नाटकाच्या ईशान्येकडील जिल्हे महाराष्ट्रातील नांदेड, लातूर, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांना लागून आहेत. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील अनेक गावांत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदतात. राज्य पुनर्रचनेपूर्वी, म्हणजे १९५६ पर्यंत, उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तत्कालीन हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातच मोडत होते. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या. परंतु गोठ्यातील गुरांची जात बदलली नाही. लातूर जिल्ह्यातील देवणी या गावाच्या नावाने ओळखली जाणारी देवणी गाय सीमेच्या दोन्ही बाजूंस सारख्याच ममतेने पाळली जाते. काळ्या तोंडाचा वानेरा, पांढराशुभ्र बालंक्या आणि काळ्या ठिपक्यांचा शेवरा असे या जातीचे तीन प्रकार मानले जातात. दूध आणि शेतकाम अशा दोन्ही कामी येणारी ही जात आहे. तिच्या जोडीला काळ्या रंगाची, जुळी करडे देण्याबद्दल प्रसिद्ध असलेली उस्मानाबादी शेळी ही तर अल्पभूधारकाची आणि भूमिहीनाची चालती-बोलती ठेवच होय.

या भागात पशुविज्ञानाची परंपराही आहे. कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बिदर येथील नंदीनगर येथे असून हे विद्यापीठ २००४ च्या राज्य कायद्यान्वये अस्तित्वात आले. सीमेपलीकडे उदगीर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे योग्य सल्ला मिळण्याची सोय या भागाच्या दोन्ही अंगांस आहे. तो सल्ला न घेता ऐकीव माहितीवर विसंबून जनावरास सुई टोचणे हे म्हणूनच अधिक खेदजनक ठरते.

खच्चीकरणाचा जुना धडा

संप्रेरक हा शब्द नवा असला, तरी त्याचा प्रभाव आपल्या शेतकऱ्यास नवा नाही. ज्येष्ठी पौर्णिमेस कारहुणवीच्या दिवशी रंगविलेल्या शिंगांचे जे बैल मिरविले जातात, त्यांपैकी प्रत्येक बैल संप्रेरकाच्या अभावाचे एक जिवंत उदाहरण आहे. गोऱ्ह्याचे खच्चीकरण केले की त्याचा मस्तवालपणा जातो, तो जुवाखाली शांतपणे चालू लागतो आणि त्याच्या अंगावर मेद लवकर चढतो. वळूची जाड मान व उंच वशिंड मात्र त्यास पूर्वीसारखे लाभत नाही. म्हणूनच जाणता शेतकरी गोऱ्ह्याची मान भरेपर्यंत थांबतो आणि मगच खच्चीकरण करून घेतो. बोकडाच्या बाबतीतही हेच घडते. खच्ची केलेल्या बोकडाच्या मांसास उग्र दर्प राहत नाही व तो चरबी लवकर धरतो.

यामागील कारण शास्त्राला कळण्यास बराच काळ लागला. १८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड या शास्त्रज्ञाने कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढून टाकलेल्या कोंबड्याचा तुरा आक्रसला व त्याचे आरवणे आणि झुंजणे थांबले. परंतु वृषण पुन्हा त्याच्या उदरात बसविले असता तुरा पूर्ववत लाल झाला. वृषणाचा मज्जातंतूंशी पूर्वीचा संबंध तुटलेला असूनही हा परिणाम दिसला, त्या अर्थी कोणता तरी पदार्थ रक्तावाटे सर्व शरीरात जात असला पाहिजे, असे अनुमान निघाले. तो पदार्थ म्हणजे टेस्टोस्टेरॉन होय. १९३५ साली अर्न्स्ट लाकर यांच्या ॲम्स्टरडॅम येथील सहकाऱ्यांनी तो वळूच्या वृषणांतून शुद्ध स्वरूपात वेगळा केला. सुमारे १०० किलोग्रॅम वृषणांतून त्यांच्या हाती अवघे १० मिलिग्रॅम संप्रेरक लागले. इतक्या सूक्ष्म प्रमाणात असणारा हा पदार्थ जनावराची मान, आवाज, स्वभाव व चरबी या सर्वांवर सत्ता चालवितो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण संप्रेरकांच्या बाबतीत थोडेसे म्हणजेच पुष्कळ असते.

स्टेरॉइड संप्रेरके म्हणजे काय

शरीरातील काही ग्रंथी आपले स्राव थेट रक्तात सोडतात. या स्रावांना संप्रेरके म्हणतात. त्यांपैकी जी संप्रेरके कोलेस्टेरॉल या स्निग्ध पदार्थापासून तयार होतात, ती स्टेरॉइड संप्रेरके होत. वृषणांत टेस्टोस्टेरॉन, अंडाशयात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन, आणि मूत्रपिंडांलगत असलेल्या अधिवृक्क ग्रंथींत कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरॉन तयार होतात. ही संप्रेरके स्निग्ध असल्याने पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतात, तेथील विशिष्ट ग्राहकास चिकटतात व पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणत्या जनुकाने काम करावे आणि कोणत्या जनुकाने थांबावे, याचे आदेश देतात. त्यामुळे त्यांचा परिणाम एका अवयवापुरता राहत नाही. स्नायू, यकृत, मेद, हाडे, कातडी आणि रोगप्रतिकारशक्ती अशा सर्व ठिकाणी तो दिसून येतो.

खाल्लेल्या वैरणीचे शरीरात रूपांतर होण्याच्या सर्व क्रियांना मिळून चयापचय म्हणतात. घराच्या व्यवहाराशी त्याची तुलना करता येईल. धान्य घरात आले की काही रोजच्या खर्चास लागते, काही कणगीत साठविले जाते आणि टंचाई आली की कणगी उघडावी लागते. शरीरातील स्नायू हे राबणारे मनुष्यबळ, मेद ही कणगी आणि संप्रेरके ही किल्ल्या बाळगणारी कारभारीण होय. टेस्टोस्टेरॉन हे मिळकत स्नायूंकडे वळविते. खच्चीकरणाने ते नाहीसे होताच तीच मिळकत कणगीत जाऊ लागते. कॉर्टिसॉलचे कार्य याहून निराळे असून तेच प्रस्तुत विषयात सर्वांत महत्त्वाचे आहे.

कॉर्टिसॉल : संकटकाळचा कारभारी

उपासमार, भीती, आजार किंवा लांबचा प्रवास असे संकट ओढवले की अधिवृक्क ग्रंथी अधिक कॉर्टिसॉल सोडतात. गाय, शेळी यांसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांना चाऱ्यातून साखर थेट फारशी मिळत नाही. कोठीपोटातील सूक्ष्मजीव चारा आंबवून त्याची आम्ले बनवितात व त्यांपासून यकृत साखर तयार करते. चारा कमी पडला, तर कॉर्टिसॉलच्या आदेशावरून स्नायूंतील प्रथिने मोडली जातात आणि त्यांपासून साखर निर्माण होते. संकट थोडा काळ टिकणारे असेल, तर ही योजना प्राण वाचविणारी ठरते. ती दीर्घकाळ चालू राहिली, तर मात्र घरातील कर्ते मनुष्यबळच विकून दिवस काढल्यासारखे होते. वाहनात कोंबून नेलेल्या जनावराचे वजन बाजारात पोहोचेपर्यंत घटते, त्यामागे तहान व भूक यांच्या जोडीला हा ताणही असतो.

मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिक येथे १९४८ साली संधिवाताच्या एका रुग्णास कॉर्टिसोन प्रथम देण्यात आले. अंथरुणास खिळलेले रुग्ण चालू लागल्याचे पाहून जग थक्क झाले आणि १९५० साली केंडॉल, हेंच व राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु लवकरच त्याची दुसरी बाजूही समोर आली. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांचा चेहरा चंद्रासारखा गोल होई, पोटावर व मानेवर मेद साचे, हातपाय मात्र काटक्यांसारखे बारीक होत आणि कातडी पातळ पडे. शरीरातच कॉर्टिसॉल अति प्रमाणात तयार होऊ लागले असता दिसणारा असाच विकार हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली वर्णिला होता. कुत्र्यांतही तो आढळतो. पोट लोंबते, केस झडतात आणि जनावर सारखे पाणी पिते व लघवी करते. अशा कुत्र्याकडे पाहून ते खातेपिते आहे असे वाटावे, परंतु त्याच्या मांड्यांतील स्नायू झिजलेले असतात. बाळसे आणि सूज यांतील फरक याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

पशुवैद्यकात वापरले जाणारे डेक्सामेथासोन हे याच कुळातील कृत्रिम औषध असून दाह शमविण्याची त्याची शक्ती नैसर्गिक कॉर्टिसॉलच्या सुमारे २५ पट आहे. हे औषध वाईट आहे असे नव्हे. तीव्र दाह, ॲलर्जीचा झटका किंवा नुकत्याच व्यालेल्या दुभत्या गाईस होणारा किटोसिस यांत पशुवैद्य त्याचा विचारपूर्वक उपयोग करतात. अडचण उत्पन्न होते ती औषधाचा खुराक केल्यामुळे.

सुईने आलेला भरदारपणा

हे औषध थोड्या मात्रेत काही दिवस दिले असता जनावराची भूक वाढते, मांसात पाण्याचा अंश वाढतो आणि अंग गोल दिसू लागते. बकरी ईद, आषाढ किंवा गावची जत्रा यांच्या तोंडावर बोकडास मागणी वाढते, तेव्हा असा बदल मोहात पाडणारा ठरतो. परंतु या भरदारपणाची किंमत कोणती असते, तेही पाहावे.

पहिली किंमत रोगप्रतिकारशक्तीची. स्टेरॉइडमुळे पांढऱ्या पेशींचे कार्य मंदावते व छातीतील थायमस ही ग्रंथी आक्रसते. हा परिणाम इतका निश्चित आहे की इटलीमध्ये वासरांना चोरून स्टेरॉइड दिल्याचा माग काढण्यासाठी कत्तलीनंतर याच ग्रंथीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली जाते. ज्या भागात घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत आणि शेळ्यांतील पीपीआर यांची भीती असते, आणि जेथील पशुपालकांनी २०२२ साली लंपी चर्मरोगाचे संकट अनुभवले, तेथे जनावराची ढाल आपल्याच हाताने काढून घेणे कितपत शहाणपणाचे आहे? अशा जनावरास लस टोचली, तरी तिचा पुरेसा उपयोग होईलच असे नाही.

दुसरी किंमत गर्भाची. गाभण गाईस अखेरच्या महिन्यांत हे औषध दिले असता ती अकाली विते व वार अडकते. गाभण शेळ्या-मेंढ्यांनाही हा धोका असतो. सुई देणाऱ्यास शेळी गाभण आहे की नाही याची कल्पना नसेल, तर एका सुईत दोन करडे गमावण्याचा प्रसंग ओढवतो. दुभत्या गाईचे दूधही या औषधाने घटते.

तिसरी किंमत अधिवृक्क ग्रंथींची. बाहेरून आयते संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे संप्रेरक बनविणे थांबविते. मग औषध एकाएकी बंद झाले आणि त्याच वेळी प्रवासाचा किंवा आजाराचा ताण पडला, तर जनावर कोसळण्याचा संभव असतो.

चौथी किंमत जो ते मांस खातो त्यास द्यावी लागते. औषध शरीरातून बाहेर पडण्यास ठरावीक अवधी लागतो. तो अवधी न पाळता जनावर कापले गेले, तर औषधाचे अंश मांसात राहतात आणि शिजविल्याने ते नाहीसे होतील असे मानता येत नाही. जनावरास दिलेले औषध जनावरापाशीच थांबत नाही, हे आपण गिधाडांच्या बाबतीत पाहिले आहे. डायक्लोफिनॅक हे औषध स्टेरॉइड नव्हे. परंतु ते दिलेल्या जनावरांची प्रेते खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने मेली आणि २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली.

शेजारच्या बांगलादेशात ईदपूर्वी गुरे फुगविण्यासाठी स्टेरॉइड वापरण्याचा प्रश्न इतका गंभीर झाला की तेथील २०१० च्या मत्स्यखाद्य व पशुखाद्य कायद्याने खाद्यात संप्रेरके व स्टेरॉइड मिसळण्यास मनाई केली.

मेद घटविणाऱ्या स्टेरॉइडची कथा

सर्वच स्टेरॉइड मेद वाढवितात असे नाही. अधिवृक्क ग्रंथीतून निघणाऱ्या डीएचईए या संप्रेरकाने एके काळी मोठी आशा निर्माण केली होती. आनुवंशिक दोषामुळे लठ्ठ होणाऱ्या पिवळ्या उंदरांना हे संप्रेरक दिले असता त्यांचा लठ्ठपणा रोखला जातो, असे येन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवून दिले. विशेष म्हणजे उंदरांचे खाणे कमी झालेले नव्हते. खाल्लेल्या अन्नाचा विनियोगच बदलला होता. पुढे १९८२ साली अमेरिकेतील मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांना मधुमेही उंदरांची रक्तशर्करा या संप्रेरकाने सुधारल्याचे आढळले. १९९० साली लठ्ठ कुत्र्यांवरील प्रयोगांतही वजन व कोलेस्टेरॉल घटल्याचे दिसून आले.

ही वार्ता पसरताच डीएचईएच्या गोळ्या बाजारात आल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८५ साली त्यांच्या खुल्या विक्रीस मनाई केली, परंतु १९९४ च्या पूरक आहारविषयक कायद्यानंतर त्या पुन्हा दुकानांत दिसू लागल्या. दरम्यान शास्त्रज्ञांच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. एक अशी की उंदीर व घूस यांच्या अधिवृक्क ग्रंथी हे संप्रेरक जवळजवळ बनवीतच नाहीत. त्यांना परक्या असलेल्या पदार्थाची भली मोठी मात्रा देऊन मिळालेला निष्कर्ष इतर प्राण्यांस जसाच्या तसा लावता येत नाही. दुसरी अशी की मोठ्या मात्रेत दीर्घकाळ हे संप्रेरक दिलेल्या घुशींच्या यकृतात अर्बुदे झाल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले. वृद्ध स्त्रीपुरुषांना दोन वर्षे हे संप्रेरक देऊन केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या शरीररचनेत लक्षणीय फरक आढळला नाही. तात्पर्य, एका प्राण्याचे अमृत दुसऱ्या प्राण्यास पाणीही ठरू शकते आणि विषही.

देशोदेशींचे अनुभव

स्नायू वाढविणाऱ्या लैंगिक संप्रेरकांचा मांसोत्पादनासाठी अधिकृत वापर अमेरिकेत अनेक वर्षे चालू आहे. इस्ट्राडायोल, टेस्टोस्टेरॉन, ट्रेनबोलोन यांसारख्या द्रव्यांच्या बारीक गुटिका गुरांच्या कानाच्या कातडीखाली बसविल्या जातात. त्यामुळे मेद कमी व मांस अधिक असे जनावर मिळते. परंतु तेथे त्या जनावरांस भरपूर धान्य व प्रथिने खाऊ घातली जातात, वापराचे नियम ठरलेले असतात आणि अंशांची तपासणी होते. तरीही तेथील इतिहास निष्कलंक नाही. डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९५४ पासून तेथे गुरांच्या खाद्यात वापरले जात होते. त्याचा कर्करोगाशी संबंध स्पष्ट झाल्यावर १९७९ साली त्यावर बंदी आली. पुढच्याच वर्षी इटलीत वासराच्या मांसापासून बनविलेल्या बालान्नात हेच द्रव्य सापडले आणि तेथील ग्राहकांनी त्या मांसावर बहिष्कार घातला. युरोपीय देशांनी १९८१ पासून निर्बंध घालण्यास आरंभ केला व १९८९ पासून अशा मांसाची आयातही थांबविली. यावरून उद्भवलेला वाद जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेला. १९९५ साली आंतरराष्ट्रीय अन्नसंहिता आयोगाने या संप्रेरकांच्या अंशांच्या मर्यादा मंजूर केल्या, त्या ३३ विरुद्ध २९ अशा मतांनी. जगातील तज्ज्ञ प्रशासने जेथे इतक्या थोड्या मतांच्या फरकाने निर्णय घेतात, तेथे गावातील कोण्या अनधिकृत इसमाने आपल्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा, हे योग्य म्हणता येईल काय?

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. ब्रॉयलर कोंबडी सुमारे ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोग्रॅमपर्यंत वाढते, ती संप्रेरकांच्या सुयांमुळे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ही वाढ अनेक पिढ्यांची निवड पैदास आणि संतुलित खाद्य यांचे फळ आहे. त्याचप्रमाणे दूध सोडविण्यासाठी टोचले जाणारे ऑक्सिटोसिन हे स्टेरॉइड नसून निराळ्या वर्गातील संप्रेरक आहे. त्याचा गैरवापरही तितकाच निंद्य होय.

कायदा काय सांगतो

डेक्सामेथासोनसारखी औषधे औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची एचमध्ये मोडतात. अधिकृत चिठ्ठीवाचून त्यांची किरकोळ विक्री करता येत नाही. जनावरांवर वैद्यकीय उपचार करण्याचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये नोंदणीकृत पशुवैद्यास आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम १२ अन्वये दूध वाढविण्यासाठी दुभत्या जनावरास अपायकारक पदार्थ टोचणे हा गुन्हा आहे. कायद्याचा धाक दाखविणे हा या उल्लेखाचा उद्देश नसून, या औषधांच्या मागे चिठ्ठी व अधिकारी व्यक्ती का लागते, हे स्पष्ट करणे हा आहे.

पशुवैद्याच्या हाती हीच संप्रेरके वरदान ठरतात. माजावर न येणाऱ्या गाईस प्रोजेस्टेरॉनचे साधन ठरावीक दिवस बसवून माज आणता येतो व योग्य वेळी कृत्रिम रेतन करता येते. परंतु तेथेही पशुवैद्य प्रथम गाईच्या बरगड्या चाचपून पाहतो. गाय हाडकुळी असेल, तर तिचे शरीरच माज नाकारीत असते. अति मेदामुळेही गर्भधारणेत व विण्यात अडचणी येतात. म्हणजे संप्रेरकाचा उपचारदेखील पोषणाच्या पायावरच उभा राहतो.

खरे बाळसे कसे येते

बिदर-कलबुर्गी भागात खऱ्या बाळशाची सामग्री उपलब्ध आहे. ज्वारीचा कडबा येथील पिढीजात वैरण आहे. कलबुर्गीच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच तुरीची चुनी आणि भुसकट, हरभऱ्याचे भुसकट व करडईची पेंड हे प्रथिनांचे व ऊर्जेचे स्वस्त साधन आहे. नुसत्या कडब्यावर पोट भरते, परंतु अंग भरत नाही. त्याची कुट्टी करून जोडीला द्विदल चारा, पेंड, खनिज मिश्रण आणि स्वच्छ पाणी दिले पाहिजे. बोकडाच्या खुराकात धान्य वाढवावयाचे असेल, तर ते आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. एकदम वाढविल्यास कोठीपोटात आम्लता होते व आंत्रविषाराचा धोका वाढतो. आंत्रविषार व पीपीआर यांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. पोटात जंत असता दिलेला खुराक दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो.

वाढ डोळ्यांनी नव्हे, तर मापाने पाहावी. काटा नसल्यास पुढील रीत उपयोगी पडते. पुढील पायांच्या मागे छातीचा घेर इंचांत मोजावा आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेरास घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे व ६६० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे किलोग्रॅममधील अंदाजे वजन होय. उदाहरणार्थ, घेर २८ इंच व लांबी २६ इंच असलेल्या बोकडाचे वजन सुमारे ३१ किलोग्रॅम भरते. दर पंधरवड्यास हे माप वहीत लिहून ठेवावे. पोषणाने होणारी वाढ पंधरवड्यागणिक सावकाश व सातत्याने होते. चार-आठ दिवसांत फुगलेले अंग संशयास्पद समजावे.

बाजारात जनावर विकत घेतानाही हात लावून पाहावे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस व मांडीत घट्ट मांस लागले पाहिजे. अंगठ्याने दाबलेल्या जागी खळगा तसाच राहत असेल, जनावर मरगळलेले असेल, थोड्या चालण्याने धापा टाकीत असेल, तर सौदा करण्यापूर्वी पशुवैद्यास दाखवावे. अशी लक्षणे जंत, यकृताचे विकार अथवा अन्य रोगांतही दिसतात, म्हणून विक्रेत्यावर लागलीच आरोप करणे उचित नव्हे. परंतु निरोगी जनावराची ती लक्षणे नव्हेत, एवढे निश्चित. नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांकही लक्षात ठेवावा.

शेळी ही गरिबाची बँक आहे, असे म्हणतात. बँकेतील ठेव हिशेबाच्या वहीवर फुगवून दाखविल्याने वाढत नाही. ती थोडी थोडी, नियमाने भरावी लागते. जनावराच्या अंगावरचे मांसही वैरण, पाणी, लस आणि काळजी यांच्या रोजच्या भरण्यातून साठत असते. सुईने ती ठेव वाढत नाही, उलट मुद्दलच मोडते. सीमाभागातील पशुपालकांनी आपल्या देवणीची व उस्मानाबादीची शान आजवर वैरणीच्या आणि मेहनतीच्या बळावर राखली आहे. ती पुढेही त्याच बळावर राहील, यात संशय नाही.